तीन तारांवर भागवू नका

टर्मिनलचं बटण बंद केलं की त्यावर चालू असलेलं सेशन, म्हणजे उघडं लॉगिन, त्याच क्षणी संपलं पाहिजे. सिरियल टर्मिनल नेटवर्कच्या टर्मिनल सर्व्हरला, म्हणजे टर्मिनलांना नेटवर्कशी जोडणाऱ्या पेटीला, जोडलं की मी आधी हेच तपासते, आणि तसं होत नसेल तर जोडणी पूर्ण झाली असं मानत नाही. अक्षरं उमटली, लॉगिन झालं, कमांडला उत्तर आलं, एवढ्यावर बहुतेक जण समाधानी होतात. जुन्या टर्मिनलविषयी कुठेही वाचा, सल्ला ठरलेला असतो: पंचवीस पिनांच्या कनेक्टरमधल्या दोन, तीन आणि सात नंबरच्या पिनांना तारा लावा आणि बाकीच्या पिना तिथल्या तिथे एकमेकींना जोडून टाका. हा सल्ला मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. सध्या पुण्यात सहकारनगरच्या घरी व्हीटी ४२० नावाचं एक जुनं टर्मिनल जोडून घेतलं आहे, तारा आणि मल्टिमीटर अजून टेबलावरच आहेत, तेव्हा आता लिहूनच टाकते.

ज्यांनी टर्मिनल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टर्मिनल म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. एक पडदा, एक कीबोर्ड आणि मागे सिरियल पोर्ट. दाबलेलं अक्षर तारेवरून पलीकडच्या कॉम्प्युटरला जातं आणि तिकडून आलेलं अक्षर पडद्यावर उमटतं. डीईसी कंपनीचं व्हीटी १०० हे १९७८ चं, व्हीटी २२० हे १९८३ चं आणि व्हीटी ४२० हे १९९० चं. आज लिनक्सवर आपण जी काळी खिडकी उघडतो, ती अजून याच घराण्याचे संकेत वापरते.

टर्मिनल सर्व्हरची गरज अंतरामुळे पडली. आरएस-२३२, म्हणजे सिरियल जोडणीचं मानक; त्याची केबल जुन्या नियमाप्रमाणे पन्नास फूट, म्हणजे साधारण १५ मीटर. कारखान्याचं स्टोअर्स एका टोकाला आणि कॉम्प्युटर रूम दुसऱ्या इमारतीत असेल तर प्रत्येक टर्मिनलसाठी इतकी लांब केबल ओढणं नियमातही बसत नाही आणि परवडतही नाही. म्हणून टर्मिनलांच्या जवळ एक पेटी ठेवायची. तिच्या एका बाजूला आठ किंवा सोळा सिरियल पोर्ट, दुसऱ्या बाजूला इथरनेट. आठ टर्मिनलांच्या आठ आखूड केबली पेटीत येतात आणि पेटीतून पुढे एकच केबल जाते.

इथे घेणाऱ्यांची एक गल्लत होते, ती आधीच सांगते. 'सिरियल सर्व्हर' म्हणून आज ज्या पेट्या मिळतात त्यातल्या बऱ्याचशा उलट्या दिशेच्या कामाच्या असतात. नेटवर्कवर बसलेल्या माणसाला वजनकाट्याच्या, सीएनसी मशीनच्या किंवा राउटरच्या सिरियल पोर्टपर्यंत पोहोचवायचं, हे त्यांचं काम. सोळा लाइनींचा सिस्को २५११ लोक अजून सांभाळून आहेत तो याचसाठी: २००१ नंबरच्या पोर्टवर टेलनेट केलं (नेटवर्कवरून दूरच्या मशीनशी बोलण्याची जुनी पद्धत) की पहिल्या लाइनीवरचं उपकरण समोर येतं. आपल्याला हवंय ते टर्मिनलकडून नेटवर्ककडे जाणं. बटण चालू केल्यावर टर्मिनलवर प्रॉम्प्ट आला पाहिजे आणि तिथून हव्या त्या कॉम्प्युटरवर जाता आलं पाहिजे. पेटी घेण्याआधी तिच्यात असा टर्मिनल मोड आहे का, ते कागदपत्रांत बघून घ्या. मोक्साच्या एनपोर्ट ६००० मालिकेत तो आहे.

आता तीन तारांचा राग मला का येतो, ते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी भोसरीच्या एका कारखान्यात ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होते. गाड्यांचे सुटे भाग बनायचे. स्टोअर्समध्ये टर्मिनलं होती, त्यांच्या केबली बाहेरच्या एका कंत्राटदाराने बनवून दिल्या होत्या आणि सगळं व्यवस्थित चालू होतं. पहिल्या पाळीचे स्टोअरकीपर साडेतीनला निघताना टर्मिनल बंद करायचे, वर कापडाचं कव्हर घालायचे आणि बस पकडायचे. दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन टर्मिनल चालू करायचा. पडदा तापला आणि रिटर्न दाबलं की समोर मटेरियल इश्यूचा फॉर्म तयार. लॉगिन विचारलंच जायचं नाही. तो नवीन होता, त्याला वाटलं इथली पद्धत अशीच असेल. त्याने कामाला सुरुवात केली, आणि त्याने काढलेली प्रत्येक इश्यू स्लिप पहिल्या पाळीच्या माणसाच्या नावावर चढत गेली.

स्टॉक मोजणीत कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे धातू कापणाऱ्या हत्यारांची बदलायची टोकं, कमी भरले. इन्सर्ट नखाएवढा असतो, खिशात मावतो आणि महाग असतो, त्यामुळे त्यांचा फरक कुणी हलक्यात घेत नाही. रेकॉर्डमध्ये नाव एकाच माणसाचं. त्यांना मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं. वयाने माझ्यापेक्षा खूप मोठे, कंपनीत केस पांढरे झालेले गृहस्थ. बाहेर आले ते थेट आमच्या विभागात. "मॅडम, मी रोज टर्मिनल बंद करूनच घरी जातो हो," एवढंच म्हणाले आणि उभे राहिले.

ते खरंच बंद करून जात होते. मी इश्यू स्लिपच्या वेळा काढल्या आणि टाइम ऑफिसमधून त्यांच्या पंचिंग कार्डाची नक्कल आणली. साडेतीनला ते गेटबाहेर, आणि संध्याकाळी सात, आठ, नऊ वाजता त्यांच्या नावाने माल सुटलेला. दोन कागद शेजारी ठेवल्यावर त्यांच्यावरचा ठपका निघाला. पण कॉम्प्युटरच्या हिशोबाने हा माणूस रोज रात्री बारापर्यंत स्टोअर्समध्ये बसलेला होता, आणि हे कसं झालं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ते केबलच्या टोकाशी, कनेक्टरच्या हुडाखाली, म्हणजे झाकणाखाली, होतं.

हुडाचे दोन स्क्रू काढले. आत तीनच तारा: दोन, तीन, सात. त्याशिवाय तांब्याचे दोन छोटे तुकडे. एकाने चार आणि पाच नंबरच्या पिना जोडलेल्या, दुसऱ्याने सहा, आठ आणि वीस. केबलच्या दोन्ही टोकांना तेच.

हे तुकडे काय करतात ते समजलं की सगळा विषय समजतो. पंचवीस पिनांच्या आरएस-२३२ कनेक्टरमध्ये दोन नंबरवरून टर्मिनल पाठवतं, तीनवर घेतं, सात म्हणजे सिग्नल ग्राउंड. वीस नंबर म्हणजे डीटीआर: उपकरण चालू आहे, तयार आहे, हे पलीकडे सांगणारी लाइन. सहा म्हणजे डीएसआर आणि आठ म्हणजे डीसीडी: पलीकडचा चालू आहे का, हे बघण्याच्या लाइनी. टर्मिनल आणि टर्मिनल सर्व्हर समोरासमोर जोडताना एकाची डीटीआर दुसऱ्याच्या डीएसआर-डीसीडीला गेली पाहिजे, तशीच उलटही. त्या हुडात मात्र प्रत्येकाची डीटीआर स्वतःच्याच डीएसआरला परत आणलेली होती. स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची. टर्मिनल सर्व्हर 'पलीकडे कुणी आहे का' म्हणून बघतो तेव्हा त्याला त्याचीच डीटीआर दिसते, आणि ती तर कायम चालू. टर्मिनल बंद करा, केबल उपटून काढा, टर्मिनल दुरुस्तीला पाठवा. सर्व्हरला काहीच कळत नाही.

कंत्राटदाराने असं का केलं असेल, तेही दिसतं. पलीकडून डीएसआर आल्याशिवाय काही उपकरणं एक अक्षरही पाठवत नाहीत. स्वतःचीच लाइन स्वतःला परत जोडणारा असा लूप टाकला की ती तक्रार मिटते, केबलमधल्या तारा वाचतात आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पिना जुळवत बसावं लागत नाही. अक्षर उमटलं की बिल पास. पण ज्या लाइनी समोरच्याची खबर आणण्यासाठी ठेवल्या, त्यांच्याकडूनच खोटं वदवून घेतलं जातं आणि त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

आम्ही केबली बदलल्या. पाच तारा: दोन डेटाच्या, एक ग्राउंड आणि दोन्ही बाजूंच्या डीटीआर. टर्मिनल सर्व्हरवर डीएसआर गेल्यावर पोर्ट लॉगआउट करण्याची सेटिंग चालू केली. डीईसीच्या टर्मिनल सर्व्हरांच्या, म्हणजे डीईसीसर्व्हर घराण्यात तिचं नावच डीएसआर-लॉगआउट आहे. दुसऱ्यांच्या पेट्यांत असंच काही मोडेम कंट्रोल या सदराखाली सापडतं. त्या दिवसापासून टर्मिनल बंद म्हणजे सेशन बंद.

आरएस-२३२ चा नियम याला पूर्ण साथ देतो. डेटाच्या लाइनीवर उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे एक, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे शून्य. डीटीआरसारख्या नियंत्रणाच्या लाइनीवर अधिक म्हणजे चालू. पलीकडच्याची वीज गेली किंवा तार तुटली, तर घेणाऱ्याने ती लाइन 'बंद' धरायची असंच ठरलेलं आहे. म्हणजे तार तुटली तरी चूक सुरक्षित बाजूला होते.

घरच्या टर्मिनलकडे येते. माझ्या व्हीटी ४२० ला पंचवीस पिनांऐवजी डीईसीचा एमएमजे सॉकेट आहे. टेलिफोनच्या जॅकसारखा दिसतो, पण खटका मध्यभागी नसून एका बाजूला सरकवलेला, त्यामुळे टेलिफोनचा प्लग त्यात बसत नाही. सहा संपर्क: पहिला डीटीआर, दुसरा पाठवण्याचा, तिसरा आणि चौथा त्या-त्या डेटाचे परतीचे, पाचवा घेण्याचा, सहावा डीएसआर. मला ही रचना मनापासून आवडते. केबल उलट-सुलट क्रिम्प केली, म्हणजे प्लग पक्कडीने दाबून बसवले, की पहिला सहाव्याला, दुसरा पाचव्याला, तिसरा चौथ्याला आपोआप मिळतो. दोन्ही बाजूंना एमएमजे असेल तर कोण पाठवणारा आणि कोण घेणारा हा वादच उरत नाही. आणि मोजक्या सहा तारांत डीटीआर-डीएसआरला जागा ठेवली आहे, हे बघण्यासारखं आहे.

तापकीर गल्लीत नऊ पिनांचे कनेक्टर, हूड, सहा तारांची चपटी केबल, उष्णतेने आक्रसणारी नळी, सगळं एका फेरीत मिळालं. एमएमजे प्लग मात्र तिथे कुणी ठेवत नाही, ते ऑनलाइनच मागवावे लागतात. दुकानात यावर उपाय सांगतात की टेलिफोनचा प्लग घ्या, खटका कापून टाका, बसेल. बसतो खरा, पण धरून राहत नाही. केबलला जरा ओढ बसली की निघतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेलिफोनचे जे प्लग सर्रास मिळतात त्यांत सहा खाचा असल्या तरी संपर्क मधले चारच असतात. पहिली आणि सहावी खाच रिकामी. म्हणजे दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा जोडले जातात, डेटा दोन्ही बाजूंनी सुरळीत वाहतो, आणि गायब होतात त्या नेमक्या डीटीआर आणि डीएसआर. वरून बघून काही कळत नाही. प्लग उजेडात धरायचा आणि सोनेरी पट्ट्या मोजायच्या. सहा दिसल्या तरच घ्यायचा.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो त्या दिवशी मदतीला बसला होता. चार पट्ट्यांच्या प्लगवर लॉगिन प्रॉम्प्ट आलेला बघून म्हणाला, "अगं मावशी, चाललंय की! आता काय राहिलं?" मी म्हटलं, "बटण बंद कर आणि पुन्हा लाव." त्याने लावलं. पडदा तापेपर्यंत आम्ही थांबलो, त्याने रिटर्न दाबलं आणि समोर माझंच लॉगिन, मी सोडलं होतं त्याच डिरेक्टरीत. पासवर्ड न देता तो माझ्या खात्यात बसला होता. त्यानंतर त्याला काही समजवावं लागलं नाही; सहा पट्ट्यांचा प्लग त्यानेच क्रिम्प केला.

क्रिम्प केलेली केबल सरळ सर्व्हरला लावू नका. आधी मल्टिमीटर. डीसी वीस व्होल्टवर ठेवा, केबल फक्त टर्मिनलला लावा, मोकळ्या टोकाशी काळा प्रोब ग्राउंडवर आणि लाल प्रोब एकेका तारेवर. टर्मिनल चालू असताना दोन तारा जिवंत दिसतील. एकीवर उणे पाच-सहा व्होल्ट: ही पाठवण्याची लाइन, मोकळी असताना ती उणेच असते. दुसरीवर अधिक पाच-सहा: ही डीटीआर. घेण्याच्या लाइनीवर आणि डीएसआरवर जवळजवळ शून्य, कारण त्यांना व्होल्टेज पलीकडून यायचं आहे. आता प्रोब पाठवण्याच्या लाइनीवर ठेवून कीबोर्डवरचं एफ-५, म्हणजे ब्रेक, दाबा. पाव सेकंदभर लाइन अधिककडे जाते आणि मीटरवरचा आकडा उडी मारून परत उणेला येतो. मग प्रोब डीटीआरवर न्या आणि टर्मिनलचं बटण बंद करा. अधिक पाच-सहाचं शून्य होताना दिसलं पाहिजे. या चार मापांत केबलचं सगळं खरं-खोटं समजतं, आणि रंगांवर विश्वास ठेवावा लागत नाही. चपट्या केबलमध्ये रंगांचा क्रम कोणत्या बाजूने मोजला यावरच सगळं अवलंबून असतं.

एक सावधगिरी. रास्पबेरी पायसारख्या बोर्डावरच्या सिरियल पिना ३.३ व्होल्टच्या असतात. त्यांना आरएस-२३२ ची तार थेट लावली तर बोर्ड जातो. मध्ये मॅक्स ३२३२ सारखी लेव्हल बदलणारी चिप हवीच.

टर्मिनल सर्व्हर म्हणून मी जुनी पेटी घेतली नाही. डीईसीसर्व्हर २०० घेण्याचा मोह झाला होता, पण ती फक्त लॅट हा डीईसीचा स्वतःचा प्रोटोकॉल बोलते. लॅट राउटरच्या पलीकडे जात नाही आणि आजच्या मशिनींना तो कळत नाही. शिवाय अशा पेट्या चालू होताना स्वतःचं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून मागून घेतात, म्हणजे ते पुरवणारं दुसरं मशीन आधी उभं करा. टेलनेट बोलणाऱ्या नंतरच्या पेट्यांतही पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. म्हणून एका छोट्या थिन क्लायंटवर, म्हणजे कमी ताकदीच्या लहान कॉम्प्युटरवर, डेबियन लिनक्स टाकलं, यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावला आणि त्यालाच टर्मिनल सर्व्हर केलं. टर्मिनलवर लॉगिन केलं की एक मेनू येतो, आकडा दाबायचा, आणि एसएसएचने, म्हणजे तारेवर काही उघडं न जाणाऱ्या जोडणीने, त्या-त्या मशीनवर जायचं. अडॅप्टर घेताना नऊच्या नऊ पिना आतून जोडलेल्या आहेत ना, तेवढं बघा. स्वस्तातल्या काहींमध्ये तीनच असतात.

लिनक्सवर दोन गाठी सोडवाव्या लागतात. पहिली हार्डवेअरची. टर्मिनलची डीटीआर बाजारी एमएमजे अडॅप्टरमधून नऊ पिनांच्या कनेक्टरच्या सहा नंबरवर, म्हणजे डीएसआरवर येते. लिनक्स मात्र लाइन तुटली का ते डीएसआरवर बघत नाही, डीसीडीवर बघतं, आणि ती एक नंबरची पिन. म्हणून मी स्वतः बनवलेल्या अडॅप्टरमध्ये एक आणि सहा नंबर जोडून दोन्हींना टर्मिनलची डीटीआर दिली. हा लूप नाही, हे लक्षात घ्या. पलीकडून आलेलाच सिग्नल दोन पिनांना वाटला आहे.

दुसरी गाठ सॉफ्टवेअरची. लिनक्समध्ये सिरियल पोर्ट सुरुवातीपासूनच 'सीलोकल' लावलेले असतात, म्हणजे डीसीडीकडे दुर्लक्ष. केबल कितीही चांगली बनवा, हे काढल्याशिवाय काही होत नाही. लॉगिन प्रॉम्प्ट देणाऱ्या एगेट्टीला या सीलोकलसाठी 'नेव्हर' असं स्पष्ट सांगावं लागतं. तिचा मूळ स्वभाव असलेली सेटिंग तशीच राहू देण्याचा आहे. एगेट्टीला चालू करणाऱ्या सिस्टिमडीच्या सिरियल-गेट्टी सर्व्हिसमध्ये मी तेवढीच ओळ बदलली आणि तिथेच वेग ९६०० बांधून टाकला, कारण दोन्हीकडचा वेग जुळला नाही तर पडद्यावर कचरा येतो. आता डीसीडी पडली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लाइन तुटल्याचा हँगअप सिग्नल पाठवतो, शेल संपतं, आणि मध्ये दुसरं काही नसेल तर त्याच्याबरोबर एसएसएच संपतं आणि दूरच्या मशीनवरचं सेशनही.

टर्मिनलच्या बाजूला एफ-३ दाबून सेट-अपमध्ये जायचं: ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ (अक्षरं पाठवूनच 'थांब' आणि 'चालू दे' सांगण्याची पद्धत) चालू. सिरियल लाइनीला खिडकीचं माप कळत नाही, म्हणून लॉगिननंतर लगेच चोवीस ओळी आणि ऐंशी कॉलम सांगून टाका. एसएसएच ते माप पुढे नेतं.

एक्सऑन-एक्सऑफबद्दल थोडं थांबते, कारण इथे एसएसएचमुळे एक अडचण येते जी जुन्या पेट्यांत नव्हती. ९६०० ला एका अक्षरामागे दहा बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरं. चोवीस बाय ऐंशीचा भरलेला पडदा १९२० अक्षरांचा, म्हणजे दोन सेकंद. स्मूथ स्क्रोल लावलं तर टर्मिनल याहून मागे पडतं आणि 'थांब' म्हणून कंट्रोल-एस पाठवतं. एमएमजेमध्ये 'थांब' सांगणाऱ्या वेगळ्या, म्हणजे आरटीएस-सीटीएसच्या, तारा नाहीत, त्यामुळे थांबवण्याचा हाच एक मार्ग. तो कंट्रोल-एस शेजारच्या पेटीनेच पाळायला हवा. पण एसएसएच चालू झालं की ते लाइन कच्च्या मोडमध्ये टाकतं, म्हणजे पेटी कोणत्याच अक्षराचा अर्थ लावत नाही, आणि कंट्रोल-एस सरळ दूरच्या मशीनकडे रवाना होतो. तिकडे पोहोचून तिकडचं थांबेपर्यंत वाटेतला मजकूर येतच राहतो, बफर ओसंडतो आणि ओळी गळतात. टेलनेटमध्ये यासाठी वेगळी सोय होती, १९९२ चं आरएफसी १३७२ हे इंटरनेट मानक. एसएसएचसाठी मी मेनूच्या आधी पेटीवरच ग्नू स्क्रीन, म्हणजे टर्मिनल आणि चालू कामाच्या मध्ये बसणारा प्रोग्राम, चालू करते आणि त्याचं फ्लो 'ऑन' ठेवते, म्हणजे कंट्रोल-एस तिथल्या तिथे पाळला जातो. इमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांना मग कंट्रोल-एसने शोध घेता येत नाही, तेवढं सोसावं लागतं. स्क्रीनसारख्याच टीमक्सने हे जमत नाही, तेही एसएसएचसारखंच लाइन कच्ची करून टाकतं. स्क्रोल जंपवर ठेवलं तर ९६०० ला माझं टर्मिनल मागे पडत नाही, पण स्मूथ स्क्रोलवर ओळी सरकताना बघणं मला सोडायचं नाही.

ग्नू स्क्रीनमुळे यूटीएफ-८ चाही, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या आजच्या संकेतपद्धतीचाही, अर्धा प्रश्न सुटतो. टर्मिनलला जी अक्षरं येतात ती बदलून मिळतात, देवनागरीच्या जागी मात्र प्रश्नचिन्हं. याची खंत वाटते, कारण टर्मिनलवर देवनागरी याच शहरात होऊन गेली आहे. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान कार्डाच्या आणि टर्मिनलच्या रूपात आणलं, आणि इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून भारतीय मानक झाली. इस्की आठ बिटांची: खालच्या अर्ध्या भागात इंग्रजी, वरच्या अर्ध्यात आपली लिपी. त्यामुळे ज्या सिरियल लाइनीवरून इंग्रजी जायचं तिच्यावरूनच मराठीही जायची, फक्त सातऐवजी आठ बिटांची सेटिंग लागायची. एखादं जिस्ट टर्मिनल कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर भंगारात देऊ नका, ही मनापासून विनंती.

शेवटी भाच्याने काढलेला एक मुद्दा, जो मला योग्य वाटला. "मावशी, गुरुवारी लाइट जाते तेव्हा काय? टर्मिनल बंद पडलं की माझं अर्धवट काम गेलंच ना? तीन तारांवर ते वाचलं असतं." थिन क्लायंट इन्व्हर्टरवर आहे, टर्मिनल नाही, त्यामुळे प्रश्न खराच होता. पण काम टिकणं आणि लॉगिन उघडं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हँगअप आल्यावर ग्नू स्क्रीन मरत नाही, स्वतःला टर्मिनलपासून वेगळं करून आत चालू राहतं. आतलं एसएसएच, उघडी फाइल, चालू असलेली कॉपी, सगळं जागच्या जागी. लॉगिन मात्र तुटतं. लाइट आल्यावर पासवर्ड द्यायचा आणि स्क्रीनला पुन्हा जोडून घ्यायचं. काम होतं तिथून पुढे सुरू. पासवर्ड माहीत नसलेल्याला फक्त प्रॉम्प्ट दिसतो.

आम्ही ते तिथेच करून पाहिलं. त्याने एक मोठी फाइल कॉपीला लावली आणि टर्मिनलचं बटण बंद केलं. मी लॅपटॉपवरून थिन क्लायंटवर कोण-कोण लॉगिन आहे ते दाखवणारी 'हू' कमांड दिली: सिरियल लाइनीवरचं त्याचं नाव यादीतून गेलेलं, कॉपी चालूच. त्याने बटण लावलं, पडदा उजळला आणि लॉगिन विचारलं गेलं.